शरीररचनेची वही

वसंत व्याख्यानमालेत डॉक्टरांनी शरीरावर बोलावे आणि कामगार संघटनेच्या माणसाने मजुरीवर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. तेव्हा सारोळ्यासारख्या गावातल्या एका बिनपदवीच्या कार्यकर्त्याने मानवी शरीररचनेच्या अभ्यासाविषयी चार शब्द सांगावेत, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. आम्ही वैद्य नाही आणि वैद्यकी सांगणारही नाही. आम्हांला सांगावयाचे आहे ते एवढेच की, ज्या विषयात शेकडो नावे, शेकडो जागा आणि त्यांचे परस्परांशी असलेले संबंध ध्यानात ठेवावे लागतात, तो विषय साधारण बुद्धीच्या माणसाने कसा शिकावा, वही कशी ठेवावी आणि शिकलेले टिकवावे कसे. हा विषय आम्ही हौसेने शिकलो नाही. एका चुकीने आम्हांला तो शिकावयास लावले. म्हणून आरंभ त्या चुकीपासूनच करतो.

सारोळे पुणे–सातारा हमरस्त्यावर आहे. नीरा ओलांडली की शिरवळ, आणि दोन्ही तीरांवर कारखाने. प्रेसवर काम करणाऱ्या माणसाला बोटांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तरुण कामगाराचे बोट रात्रपाळीत डायखाली सापडले आणि मुळापासून गेले. डॉक्टरांच्या इंग्रजी दाखल्यात ‘थर्ड डिजिट’ असे शब्द होते. नुकसानभरपाईचा कागद आम्हीच लिहिला. तर्जनीपासून मोजले तर तिसरे बोट अनामिका येते, म्हणून आम्ही ‘अनामिका’ असे लिहून मोकळे झालो. वस्तुतः वैद्यक अंगठ्यापासून मोजते. अंगठा पहिला, तर्जनी दुसरी, मधले बोट तिसरे. गेले होते मधले बोट, आणि कागदावर गेली अनामिका. त्या पोराला अनामिका म्हणजे कोणते बोट हे ठाऊक नव्हते, त्याचा आमच्यावर विश्वास होता. समझोत्यावर सह्या झाल्या, पैसे हाती आले, आणि मग एका दवाखान्यातील कंपाउंडरने ती चूक दाखविली. झालेला समझोता पुन्हा उघडता आला नाही. तो पोरगा आम्हांला म्हणाला, “अण्णा, बोट तर गेलंच, आता अक्षरावरनं कशाला जिवाला लावून घेता?” त्याने क्षमा केली, परंतु आमची झोप गेली.

ही अक्षराची चूक किती रुपयांची असते ते पाहा. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला इजांची एक अनुसूची जोडलेली होती. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आहे, आणि इजांचा व टक्क्यांचा तक्ता त्या संहितेतही आहे. त्या अनुसूचीप्रमाणे अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे धरतात. संपूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के, संपूर्ण मधले बोट गेले तर १२ टक्के, अनामिका किंवा करंगळी गेली तर ७ टक्के. समजा, कामगाराचे वय ३० आणि हिशेबात धरलेले वेतन १५,००० रुपये. वेतनाच्या ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८ याने गुणले की संपूर्ण अपंगत्वाची रक्कम १८,७१,८२० रुपये येते. तिचे १२ टक्के २,२४,६१८ आणि ७ टक्के १,३१,०२७. फरक ९३,५९१ रुपयांचा. एका शब्दाने गरिबाच्या घरातून एवढी रक्कम जाऊ शकते.

पुढे पाहिले तर ती अनुसूची म्हणजे शरीररचनेचा धडाच निघाली. बोटाचे एक पेर गेले की दोन, नुसते टोक गेले की हाडासह गेले, यावर टक्के बदलतात. मधल्या बोटाचे टोक हाडाला धक्का न लागता गेले तर ४, एक पेर गेले तर ७, दोन पेरे गेली तर ९. हात खांद्याखाली तुटला असेल तर खांद्याच्या टोकापासून, म्हणजे ॲक्रोमियनपासून, उरलेला भाग मोजायचा. तो ८ इंचांपेक्षा कमी असेल तर ८० टक्के. कोपराखाली तुटला असेल तर कोपराच्या टोकापासून, म्हणजे ओलेक्रेननपासून, साडेचार इंचांची रेघ धरायची. रेघेच्या अलीकडे ७० टक्के, पलीकडे ६०. ही टोके कोठे आहेत हे ज्याला बोट ठेवून दाखविता येत नाही, त्याने कामगाराची बाजू मांडावयास उभे राहू नये, असे आम्ही त्या दिवशी ठरविले.

ठरविणे सोपे होते. आम्ही एक जाड पुस्तक मिळविले आणि रोज रात्री ते उतरवून काढू लागलो. तीन महिन्यांत दोनशे पानी दोन वह्या भरल्या. अक्षर सुरेख, खाली लाल रेघा. आणि कोणी विचारले की मनगटात हाडे किती, तर उत्तर वहीत होते, डोक्यात नव्हते! त्याच सुमारास आमच्या एका सहकाऱ्याची मुलगी परिचारिकेच्या पहिल्या वर्षाला होती. शरीररचनेत ती चाचणीमागून चाचणी नापास होत होती. तिच्याही वह्या अशाच भरलेल्या, सुरेख. बाप म्हणे, “पोरगी रात्र-रात्र वाचती, पण पेपरात काय राहत न्हाई.” तेव्हा आमच्या ध्यानात आले की, दोष बुद्धीचा नाही, रीतीचा आहे. त्यानंतर दर रविवारी देवळाच्या सभामंडपात आम्ही दोघे आणि आणखी तीन-चार जण बसू लागलो. पुढे सांगितलेली रीत त्या बैठकीत, पुष्कळ चुकत-माकत, तयार झालेली आहे.

पहिली गोष्ट, नकाशा आधी आणि गल्ल्या मागून. परक्या शहरात गेलेला माणूस आधी स्टेशन कोणीकडे, नदी कोणीकडे, मुख्य रस्ता कोणता हे पाहतो. शरीराच्या अभ्यासात असा दिशांचा आधार म्हणजे एक ठरलेली उभे राहण्याची रीत आहे. माणूस ताठ उभा, तोंड समोर, हात बाजूला, आणि तळहात पुढे. तळहात पुढे केले की अंगठे बाहेरच्या बाजूला जातात. जगातील सर्व वैद्यकीय वर्णने हाच माणूस समोर धरून लिहिलेली असतात. आतली बाजू म्हणजे शरीराच्या मध्यरेषेकडची, बाहेरची म्हणजे तिच्यापासून दूरची. आणि उजवे-डावे नेहमी त्या माणसाचे, पाहणाऱ्याचे नव्हे. चित्रात तो आपल्यासमोर उभा असल्यामुळे त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. नवशिक्यांच्या चुकांत ही चूक हमखास सापडते. म्हणून आमच्या वहीच्या प्रत्येक पानावर, चित्र काढण्याआधी, वरच्या कोपऱ्यात आम्ही ‘उ’ आणि ‘डा’ लिहितो.

दुसरी गोष्ट, नाव फोडून पाहावे. नावे लॅटिन-ग्रीक आहेत म्हणून माणसे घाबरतात. परंतु ज्यांनी ती नावे ठेवली त्यांनी आपल्याच घरातील वस्तूंवरून ठेवली. मनगटातील आठ हाडे घ्या. ती चार-चारच्या दोन ओळींत आहेत. हाताच्या बाजूने येणारी पहिली ओळ अंगठ्याकडून करंगळीकडे मोजा. स्कॅफॉइड म्हणजे नावेसारखे, ल्युनेट म्हणजे चंद्रकोरीसारखे, ट्रायक्वेट्रम म्हणजे त्रिकोणी, पिसिफॉर्म म्हणजे वाटाण्यासारखे. बोटांकडची दुसरी ओळ याच क्रमाने घ्या. ट्रॅपेझियम आणि ट्रॅपेझॉइड या दोन्हींच्या मुळाशी मेज असा अर्थ, कॅपिटेट म्हणजे डोके असलेले, हॅमेट म्हणजे आकडा असलेले. आमच्या बैठकीत याचे वाक्य झाले ते असे: नावेत चंद्र, त्रिकोणी शिडावर वाटाणा, खाली दोन मेजे, एक डोके, एक आकडा. हे वाक्य पुस्तकातले नाही, म्हणूनच ते आमच्या डोक्यात राहिले. दुसऱ्याने तयार केलेली खूण पाठ करावी लागते, आपण तयार केलेली आपोआप आठवते.

याला जोडूनच तीन नावांची ओळ. वहीत प्रत्येक अवयवापुढे तीन रकाने ठेवावेत. डॉक्टर कोणते नाव घेतात, मराठी पुस्तकात कोणते असते, आणि आपल्या घरी काय म्हणतात. फीमर, ऊर्वस्थी, मांडीचे हाड. स्कॅप्युला, अंसफलक, खांद्याचा फरा. पॅटेला, जानुफलक, गुडघ्याची वाटी. काही मराठी पुस्तकांत जिला धमनी म्हटले आहे, तिला दुसऱ्या पुस्तकांत रोहिणी म्हटलेले आढळते. अशा वेळी गोंधळू नये, दोन्ही नावे एकाच ओळीत लिहावीत. दाखला इंग्रजीत असतो, अर्ज मराठीत असतो आणि जखमी माणूस बोलतो ते घरच्या भाषेत. या तीन भाषांत ज्याची ये-जा नाही, तो आमच्यासारखा मधले बोट सोडून अनामिका लिहून बसतो. आमच्या शेजारी साताऱ्याच्या रस्त्यावर, वाईला, मराठी विश्वकोशाचे काम झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते. ज्याला इंग्रजी जड जाते त्याने शरीरविषयक नोंदी त्यात जरूर चाळाव्यात. मराठीत हा विषय सांगता येत नाही, हा समज त्याने दूर होईल.

तिसरी गोष्ट, चित्र स्वतः काढावे आणि नाव अवयवावरच लिहावे. येथे एका माणसाची हकिकत सांगितली पाहिजे, कारण तो आपल्या मुलखात राहून गेला आहे. जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना ठाऊक असलेले ग्रे यांचे शरीररचनेचे पुस्तक १८५८ साली लंडनला निघाले. मजकूर हेन्री ग्रे यांचा, पण चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टर या तरुण डॉक्टरची. पुस्तक निघाले त्याच वर्षी कार्टर मुंबईस आले. १८४५ साली स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचना व शरीरक्रिया शिकविली आणि पुढे १८६३ पासून १८७२ पर्यंत ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. ज्यांच्या चित्रांवरून जग शरीर शिकले, ते गृहस्थ आपल्या या रस्त्याच्या शेवटी असलेल्या गावात नऊ वर्षे रोगी तपासत होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास माहीत नाही. आणि आमच्या धंद्याची सवय म्हणून आणखी एक नोंद करतो. त्या पुस्तकाच्या प्रत्येक खपामागे ग्रे यांना रॉयल्टी होती, चित्रे काढणाऱ्या कार्टरना एकदाच ठरावीक रक्कम मिळाली.

कार्टर यांच्या चित्रांत विशेष काय होते? त्यांच्या आधीच्या पुष्कळ पुस्तकांत चित्रावर बारीक आकडे किंवा अक्षरे असत आणि त्यांची नावे दुसरीकडे यादीत शोधावी लागत. डोळा चित्रावरून यादीकडे आणि यादीवरून चित्राकडे फिरत राही, आणि त्या फेऱ्यांत ध्यान सुटे. कार्टर यांच्या चित्रांत नाव त्या हाडावर, त्या स्नायूवर, त्या शिरेच्या लांबीबरोबर लिहिलेले आहे. जागा आणि नाव एकदमच डोळ्यांत शिरतात. वही करताना हाच नियम पाळावा. बाजूला बाण आणि क्रमांक देऊन खाली यादी करू नये.

चित्र सुंदर असण्याची गरज नाही. आमची चित्रे पाहून पोरे हसतात. हाड म्हणजे दोन रेघा, स्नायू म्हणजे एक जाड पट्टा, मज्जातंतू पिवळा, रोहिणी तांबडी, नीला निळी. मात्र एक अट आहे. पुस्तक उघडे ठेवून गिरवायचे नाही. चित्र पाहावे, पुस्तक मिटावे, आठवून काढावे, मग पुस्तक उघडून चुका लाल शाईने दुरुस्त कराव्यात. दुसऱ्या दिवशी तेच चित्र कोऱ्या कागदावर. लाल शाई दर खेपेस कमी होत जाते, आणि ती कमी होणे हाच आपला निकाल. सभामंडपाच्या फरशीवर खडूने आम्ही हाताचे चित्र इतक्या वेळा काढले की पुजारीबुवा एकदा म्हणाले, “अहो, देवाच्या दारात ही कुणाची हाडं मांडलीत?”

चौथी गोष्ट, प्रत्येक अवयवाला ठरलेले प्रश्न विचारावेत. पोलीस जबानी घेतो तसे. स्नायू असेल तर उगम कोठे, शेवट कोठे, मज्जातंतू कोणता, काम काय, आणि तुटला तर माणसाला काय करता येणार नाही? हाड असेल तर शेजारी कोण, त्याला काय चिकटले आहे, रक्त कोठून येते, आणि मोडले तर काय होते? वहीचे पान उभे दुमडावे. डाव्या बाजूला प्रश्न, उजव्या बाजूला उत्तरे. अभ्यास करताना उजवी बाजू झाकायची.

शेवटचा प्रश्न, मोडले तर काय, हा सर्वांत मोलाचा, कारण त्यानेच आधीच्या उत्तरांना अर्थ येतो. स्कॅफॉइडचेच पाहा. माणूस घसरला की हात टेकतो, आणि तो भार अंगठ्याच्या बाजूला या नावेवर येतो. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मिळते. म्हणून ते मधोमध मोडले तर मनगटाकडच्या तुकड्याचे रक्त तुटते आणि तो तुकडा मरू शकतो. पहिल्या एक्स-रेत ही मोड कित्येकदा दिसत नाही. मग माणूस ‘नुसता मुरगळलाय’ म्हणून कामावर जातो आणि काही महिन्यांनी पकड गमावून बसतो. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी दोन दोऱ्यांमध्ये एक खळगा पडतो. पूर्वी लोक त्यात तपकीर ठेवून ओढीत, आणि इंग्रजीतही त्याला तपकिरीच्या डबीचेच नाव आहे. त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड असते. पडल्यानंतर तेथे दाबून दुखले तर डॉक्टर सावध होतात. आता सांगा, नाव, जागा, रक्तपुरवठा आणि इजा या चार गोष्टी वेगवेगळ्या पाठ कराव्या लागतील काय? एक गोष्ट दुसरीला ओढून आणते.

पाचवी गोष्ट, आपले शरीर हेच पुस्तक समजावे. ते फुकट आहे आणि सदैव उघडे आहे. डाव्या हाताने उजवे कोपर ते मनगट यांमधला भाग धरा आणि उजवी बोटे हलवा. हालचाल बोटांत दिसते, पण काम करणारे मांस तुमच्या डाव्या मुठीत वळवळते. बोटांत ओढणारे स्नायू नाहीतच, तेथे नुसत्या दोऱ्या आहेत. कळसूत्री बाहुलीसारखा कारभार. ओढणारा वर बसलेला, नाचते ते खाली. आता तळहात मेजावर पालथा ठेवा, मधले बोट दुमडून आत घ्या आणि बाकीची बोटे एकेक करून उचला. अनामिका उचलत नाही. कारण मागच्या बाजूच्या तिच्या दोरीचे मधल्या बोटाच्या दोरीशी नाते आहे. हे एकदा करून पाहिले की जन्मभर विसरत नाही.

कोपराला आतल्या बाजूने लागले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हा अनुभव प्रत्येकाला आहे. तेथून अल्नर नावाचा मज्जातंतू जातो. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू ही त्याची हद्द. तळहाताकडून अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची उरलेली बाजू ही मीडियन मज्जातंतूची हद्द. हा मीडियन मनगटात एका अरुंद बोगद्यातून नऊ दोऱ्यांच्या गर्दीत जातो. तेथे दाब पडला की रात्री हाताला मुंग्या येतात. कामगार म्हणतो, “हात झोपतो.” कोणती बोटे झोपतात एवढे नीट विचारले तरी कोणता मज्जातंतू दबला याचा अंदाज डॉक्टर करू लागतात. आणि अंगठ्याला ३० टक्के का? त्याचे बूड ट्रॅपेझियमवर खोगिरासारख्या सांध्यात बसलेले आहे, म्हणून तो इतर चारही बोटांच्या समोर येऊ शकतो. पकड म्हणतात ती यालाच. कायद्याचा आकडा असा सांध्यात सापडतो.

हाताची मोजदाद एकदा करा. मनगटात ८, तळहातात ५, बोटांत १४, एकूण २७. अंगठ्याला दोन पेरे आणि इतर चारांना तीन-तीन, म्हणून १४. दोन हातांची ५४, दोन पावलांची ५२, बेरीज १०६. सबंध शरीरात २०६. म्हणजे निम्म्याहून अधिक हाडे हातापायांच्या पंजांत आहेत. ज्याचे हात-पाय झाले, त्याची हाडांची अर्धी हजेरी झाली. एवढा हिशेब त्या मुलीला सांगितला तेव्हा तिच्या तोंडावरची भीती प्रथम उतरली.

सहावी गोष्ट उजळणीची. जर्मनीतील एबिंगहाऊस यांनी अर्थहीन अक्षरे स्वतः पाठ करून विसरण्याचा हिशेब ठेवला आणि तो १८८५ साली प्रसिद्ध केला. पाठ केलेले पहिल्या काही तासांत सर्वांत वेगाने जाते, पुढे जाण्याचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. म्हणून उजळणी परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे, विसरणे सुरू होते तेव्हाच करावी. आमचा क्रम असा: त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने. भोर-वेल्ह्याच्या भातशेतकऱ्याला हे नव्याने सांगावयास नको. एकदाच सगळे पाणी देऊन पीक येत नाही, रोप, लावणी, खुरपणी ज्या-त्या वेळीच करावी लागते.

आणि उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे नव्हे. अमेरिकेत रॉडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा-पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचताना सगळे ओळखीचे वाटते, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असे आपण समजतो. मुकादम रोज दिसतो, म्हणून त्याची सही आपल्याला करता येईल काय? आमच्या दोनशे पानी वह्यांचे नेमके हेच झाले होते.

यासाठी चिठ्ठ्यांची रीत उत्तम. पुठ्ठ्याच्या छोट्या चिठ्ठीवर पुढे प्रश्न, मागे उत्तर. डबीला तीन कप्पे करावेत. उत्तर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकले की पहिल्यात परत. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने उघडावा. अशी रीत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली आपल्या पुस्तकात सांगितली. तिला खर्च रिकाम्या मिठाईच्या खोक्याचा. आमच्या त्या मुलीने चिठ्ठ्यांचा गठ्ठा एस.टी.त, रांगेत, पाळीच्या मधल्या सुटीत उलगडला. आळीपाळीने विचारता येईल असा सोबती असेल तर अधिकच बरे. आम्ही तिला मज्जातंतू विचारीत असू, ती आम्हांला अनुसूचीचे टक्के. जो भाग दुसऱ्याला साध्या मराठीत समजावता आला नाही, तो आपल्याला समजलेला नाही, असा बैठकीचा नियम होता. आणि त्या नियमापुढे आम्ही दोघेही पुष्कळदा नापास झालो.

आता या रीतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. वही कितीही चांगली झाली तरी ती वहीच. आपल्या सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे की, मृतदेह गवत-सालींनी गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या नदीत निवांत जागी ठेवावा आणि सात रात्रींनंतर वाळा, बांबू यांच्या कुंचल्याने थर-थर घासून आतील अंगे डोळ्यांनी पाहावीत. शास्त्र वाचणे आणि प्रत्यक्ष पाहणे, दोन्ही हवीत, असा त्याचा आग्रह. सुश्रुताने हाडे ३०० मोजली, कारण दात आणि कूर्चाही त्यात धरल्या. म्हणजे आकडा पाठ करण्याआधी काय मोजले हे विचारावे लागते. युरोपात व्हेसेलियस यांनी १५४३ साली आपला ग्रंथ काढला आणि शेकडो वर्षे चालत आलेली गेलेनची मते देह उघडून तपासली. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो असे गेलेन सांगे, व्हेसेलियस यांनी तो एकच असल्याचे दाखविले. थोरांनी लिहिले म्हणून ते खरे, असे या विषयात चालत नाही.

आज वैद्यकीय विद्यार्थी ज्या देहांवर शिकतात, ते कोणाच्या तरी घरून आलेले असतात. १९४९ च्या शारीरशास्त्र अधिनियमाने आपल्या राज्यात त्याला कायद्याची वाट मिळाली. देहदान करणाऱ्याचे नाव विद्यार्थ्याला बहुधा ठाऊक नसते. परंतु जो उद्या आपल्या पोराची मोडलेली नाव नीट पाहणार आहे, त्याचे ते पहिले पुस्तक असते. ज्यांना शक्य असेल त्यांनी घरात याविषयी मोकळेपणाने बोलून ठेवावे, एवढीच आमची विनंती आहे.

ती मुलगी पुढे पास झाली, आज ती रुग्णसेवा करते. रविवारची बैठक अजून भरते. तिच्यात आता प्रेसवरची पोरे आहेत, आणि त्यांना पहिल्या दिवशी आम्ही एकच काम देतो. स्वतःचा हात कागदावर ठेवून पेन्सिलीने बाहेरून रेघ ओढायची आणि प्रत्येक बोटावर, बोटाच्याच अंगावर, त्याचे नाव लिहायचे: अंगठा, तर्जनी, मधले, अनामिका, करंगळी. खाली, अंगठ्यापासून, १ ते ५. तो कागद दाखल्याच्या फाइलीत अर्जाला जोडून ठेवण्याची आमच्याकडे रीत पडली आहे. तीन क्रमांकाच्या बोटाला आमच्या हातून पुन्हा कोणी अनामिका म्हटलेले नाही. ज्याचे बोट गेले, त्याला त्याचा काही उपयोग नाही, हे आम्ही जाणतो. कागदाचा वरचा कोपरा मात्र आम्ही अजून स्वतः तपासतो, ‘उ’ आणि ‘डा’ लिहिले आहे की नाही ते.